वसिष्ठ–अरुंधती: दुर्बिणीतून दिसलेला चौथा तारा कोणता?

सातारकर_शिक्षिका

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेसाठी आम्ही गेल्या वर्षी ७० मिलीमीटर व्यासाची आणि ७०० मिलीमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण घेतली. तिच्यासोबत २५ आणि १० मिलीमीटरचे दोन आयपीस आहेत. स्टँड साधा, हाताने फिरवण्याचा असून त्याला मोटर नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास, सप्तर्षी उत्तरेकडे चांगले वर आलेले असताना, मी नववीच्या मुलामुलींना शाळेच्या गच्चीवरून वसिष्ठ आणि अरुंधती दाखवले. २५ मिलीमीटरच्या आयपीसमधून वसिष्ठाशेजारी एक लहान तारा चिकटल्यासारखा दिसत होता. १० मिलीमीटरचा आयपीस लावल्यावर ते दोन तारे स्पष्टपणे वेगळे झाले आणि थोड्या अंतरावर अरुंधतीही त्याच दृश्यात होती. याशिवाय वसिष्ठ आणि अरुंधती यांच्या दरम्यान, दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित बाजूला, एक मंद तारा सर्वांनाच दिसला. मुलांनी वहीत चार ठिपके काढले.

अडचण पुढे आली. ही सहा ताऱ्यांची प्रणाली आहे, असे मी वर्गात आधीच सांगितले होते. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, चार दिसले, मग उरलेले दोन कुठे आहेत?" मोठी दुर्बीण असती तर तेही दिसले असते, असे उत्तर मी दिले. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला खटकू लागले, कारण ते मी माहितीच्या आधारे दिले नव्हते, केवळ त्या क्षणी सुचले म्हणून दिले होते. मुलांसमोर मी पुन्हा उभी राहणार आहे. म्हणून जाणकारांना विचारते, की तो चौथा तारा सहांपैकी आहे का, उरलेले तारे कोणते, आणि ते कोणत्या आकाराच्या दुर्बिणीतून दिसतील?

---

नभांगण_पुणे

नमस्कार ताई. मुलांनी चौथा ठिपका काढला हे फार चांगले झाले, कारण पुष्कळ निरीक्षक त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. परंतु तो सहांपैकी नाही. त्यामुळे हिशेब असा बदलतो, की आपल्याला सहांपैकी चार नव्हे तर तीनच ठिपके दिसले, आणि त्या तिन्हींतील प्रत्येक ठिपका म्हणजे दोन-दोन ताऱ्यांची जोडी आहे. आपण सहाही ताऱ्यांचा प्रकाश पाहिला आहे, फक्त तो तीन ठिकाणी एकवटलेला होता. त्या विद्यार्थिनीला हे सांगितले तर तिला आनंदच होईल, असे मला वाटते.

प्रथम चौथ्या ताऱ्याविषयी. त्याची प्रत (तेजस्वितेचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) सुमारे ७.६ आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मात्र लहानशा दुर्बिणीत सहज दिसतो. १७२२ साली जर्मनीतील गीसेन येथील योहान गेऑर्ग लीबक्नेख्ट या प्राध्यापकांनी तो पाहिला. तो जागा बदलतो आहे असा त्यांचा समज झाला आणि नवा ग्रहच सापडला असे मानून त्यांनी त्याला आपल्या राजाच्या सन्मानार्थ 'लुडविगचा तारा' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. तो ग्रह नव्हता, आणि वसिष्ठाच्या कुटुंबातलाही नाही. वसिष्ठ आणि अरुंधती आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत, तर हा तारा त्यांच्या सुमारे चौपट दूर आहे. तो केवळ आपल्या दृष्टिरेषेत त्यांच्या मागे आला आहे, एवढाच त्यांचा संबंध.

आता तीन जोड्यांकडे वळू. आपल्याला वसिष्ठाचे जे दोन घटक वेगळे दिसले, त्यांच्यातील अंतर सुमारे १४.४ विकला आहे. (एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला, म्हणजे एक विकला हा अंशाचा ३६०० वा भाग.) त्यांपैकी तेजस्वी घटकाची प्रत सुमारे २.३ आणि मंद घटकाची सुमारे ४ आहे. दुर्बिणीतून ओळखल्या गेलेल्या जोडताऱ्यांमध्ये वसिष्ठाचा मान पहिला मानला जातो. १६१७ साली बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी गॅलिलिओला पत्र लिहून त्याकडे पाहण्यास सुचवले होते. पुढे १८५७ साली छायाचित्रात टिपला गेलेला पहिला जोडताराही हाच.

यातील तेजस्वी घटक स्वतः जोडतारा आहे, हे दुर्बिणीला डोळा लावून कोणालाही कळले नसते. हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांच्या (प्रकाश रंगांत पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यांच्या) काचपट्ट्या तपासताना असे आढळले, की वसिष्ठाच्या वर्णपटातील एक रेषा काही रात्री एकेरी दिसते आणि काही रात्री दुहेरी. एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ साली याचा उलगडा जाहीर केला आणि या कामात अँटोनिया मॉरी यांचा मोठा वाटा होता. एक तारा आपल्याकडे येत असताना दुसरा आपल्यापासून दूर जात असतो. त्यामुळे एकाच्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दुसऱ्याच्या तांबड्या बाजूला, आणि दोघे आडवे जात असताना त्या पुन्हा एकमेकींवर येतात. हे दोन तारे जवळपास सारखेच असून साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. वर्णपटावरून सापडलेला हा पहिला जोडतारा होय. मंद घटकाचेही तसेच आहे. त्याचा फेरीचा काळ सुमारे १७५ दिवसांचा असून ते विसाव्या शतकाच्या आरंभी लक्षात आले.

तिसरी जोडी अरुंधतीची. तिच्यापासून जेमतेम एका विकलेवर एक तांबडा बटू तारा आहे आणि तो थेट २००९ साली सापडला. मुख्य ताऱ्याची चमक झाकून शेजारचा अत्यंत मंद तारा वेगळा दिसावा लागतो. यासाठी वातावरणाची थरथर क्षणोक्षणी दुरुस्त करणारी यंत्रणा बसवलेल्या, पाच-साडेसहा मीटर आरशांच्या दुर्बिणी वापराव्या लागल्या.

म्हणून 'मोठी दुर्बीण असती तर' हे उत्तर पूर्णपणे चुकीचे नाही, पण त्यातून मुलांची जी समजूत होईल ती चुकीची ठरेल. वसिष्ठाच्या तेजस्वी जोडीतील दोघांमधील अंतर सुमारे ०.०१ विकला आहे. दुर्बिणीच्या व्यासाने (मिलीमीटरमध्ये) ११६ ला भागले असता ती किती विकला अंतरावरचे तारे वेगळे दाखवू शकेल याचा अंदाज मिळतो, हा डॉजचा नियम आपल्याला माहीत असेलच. आपल्या ७० मिलीमीटरसाठी तो आकडा १.७ येतो, तर ०.०१ विकलेसाठी साडेअकरा मीटरहून अधिक व्यास लागेल आणि तोही वातावरण पूर्ण स्थिर असताना. त्या जोडीचे प्रत्यक्ष चित्र १९९६ साली मिळाले, पण ते एका मोठ्या आरशाने नव्हे, तर एकमेकांपासून दूर ठेवलेल्या अनेक आरशांचा प्रकाश एकत्र आणून.

---

गच्चीवरचा_म्हातारा

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त निरीक्षणाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या ताऱ्यांकडे मी तीस वर्षांपासून पाहत आहे आणि अजूनही दर उन्हाळ्यात पाहतो.

पहिली गोष्ट गच्चीची. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि त्या हवेतून पाहिलेला तारा उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या मण्यासारखा हलतो. १४ विकलांच्या जोडीला त्याने फारसा फरक पडत नाही, परंतु यापुढे जवळच्या जोड्या पाहायच्या असतील तर दुर्बीण शाळेच्या मैदानात, शक्यतो मातीवर किंवा गवतावर ठेवावी आणि पाहण्यापूर्वी अर्धा तास बाहेर मोकळ्या हवेत राहू द्यावी.

दुसरी गोष्ट अशी, की ताई, आपल्या दुर्बिणीला मोटर नाही ही उणीव मानू नका, कारण त्यामुळेच मुलांना एक खरे मोजमाप करता येईल. २५ मिलीमीटरचा आयपीस लावावा, वसिष्ठ दृश्याच्या मधोमध आणावा आणि दुर्बिणीला हात न लावता तो सरकू द्यावा. तो ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. (डायगोनल, म्हणजे आयपीसआधी बसवायचा काटकोनी आरसा, लावलेला असल्यास डावे-उजवे उलटलेले असते, म्हणून दिशा नेहमी अशी सरकण्यावरूनच ठरवावी आणि वहीतील आकृतीवर ती नोंदवावी.) वसिष्ठ कडेला टेकून दिसेनासा होताच स्टॉपवॉच सुरू करावे आणि अरुंधती त्याच कडेला दिसेनाशी झाली की थांबवावे. उत्तर ७८ सेकंदांच्या आसपास यायला हवे.

या ७८ सेकंदांतून दोघांमधील अंतर काढता येते. खगोलीय विषुववृत्तावरील तारा एका सेकंदात १५ विकला सरकतो, पण वसिष्ठ सुमारे ५५ अंश उत्तर क्रांतीवर, म्हणजे त्या वृत्ताच्या तितके अंश उत्तरेला, असल्यामुळे त्याचे वर्तुळ लहान आणि गती कमी. १५ ला ५५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.५७४ ने गुणावे. ७८ सेकंदांचे सुमारे ६७२ विकला होतात. हे झाले पूर्व-पश्चिम अंतर. अरुंधती उत्तरेला २२६ विकला अधिक आहे, हे तारकासूचीवरून घ्यावे. नववीच्या मुलांना पायथागोरसचा सिद्धान्त येतोच. ६७२ आणि २२६ या बाजू धरल्या तर कर्ण सुमारे ७०९ विकला येतो, म्हणजे ११.८ कला. सूचीतील अंतर हेच आहे.

एक काळजी घ्यावी. दृश्याची कड गोल असल्यामुळे दोन्ही तारे मध्याजवळून जातील अशी दुर्बीण ठेवावी, म्हणजे चूक एखाद्या सेकंदापेक्षा अधिक होणार नाही. एकदाच न मोजता आठ-दहा वेळा मोजावे आणि सरासरी घ्यावी.

आपल्या आकाशात रोज वसिष्ठ पुढे आणि अरुंधती त्याच्या मागे ७८ सेकंदांनी, असाच क्रम दिसतो. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धापूर्वीच्या अपशकुनांत अरुंधतीने वसिष्ठाला पाठीमागे टाकल्याचे म्हटले आहे. त्याच्या अर्थाविषयी येथे वाद करू इच्छित नाही, पण अपशकुन म्हणून ते सांगावेसे वाटले याचा अर्थ नेहमीचा क्रम लोकांना नीट ठाऊक होता, असे मला स्वतःला वाटते.

---

अंगिरसी

मी संस्कृतची अभ्यासक आहे आणि दुर्बीण माझ्याकडे नाही, परंतु या चर्चेत एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे विवाहात वधूला अरुंधती दाखवतात हे सर्वांना माहीत आहे. अरुंधतीची प्रत सुमारे ४ आहे आणि शेजारी वसिष्ठ तिच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी. म्हणून ती एकदम दाखवता येत नाही. त्यासाठी प्रथम जवळच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून 'हीच अरुंधती' असे सांगायचे, नजर तेथे स्थिर झाली की 'ही नव्हे' म्हणून तो तारा सोडायला लावायचा आणि मग तिच्या शेजारची खरी अरुंधती दाखवायची. यालाच स्थूलारुंधती न्याय म्हणतात आणि आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टान्त वापरला आहे. ताई, आपल्या वर्गात नेमके हेच घडले आहे. चौथा ठिपका मुलांनी आधी 'सहांपैकी एक' म्हणून धरला. आता तो सोडायला लावून खरे सहा दाखवायचे आहेत. तेव्हा झाले त्याची खंत बाळगू नये, अशी माझी विनंती आहे.

शहरात अरुंधती दिसत नाही याचे कारण लोक दृष्टीचा दोष समजतात. माझ्या वडिलांना ती गावी दिसत असे आणि मुंबईत दिसत नसे. दोघांमधील अंतर जवळजवळ १२ कला असल्याने निरोगी डोळ्याला ते वेगळे करणे कठीण नाही. अडचण असते ती दिव्यांनी उजळलेल्या आकाशाची, असे या संकेतस्थळावरील जाणकारांकडूनच मी शिकले.

---

सातारकर_शिक्षिका

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. मला दोन शंका उरल्या आहेत. अरुंधती वसिष्ठाभोवती खरोखर फिरते का, की लुडविगच्या ताऱ्याप्रमाणे तीही केवळ शेजारी दिसते? आणि लपलेल्या जोडीचा काहीतरी प्रत्यक्ष परिणाम आमच्या लहान दुर्बिणीतून मुलांना दिसेल, अशी एखादी प्रणाली आहे का? वर्णपटाची गोष्ट मी त्यांना सांगेन, पण स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिले तर ते त्यांच्या अधिक लक्षात राहील.

---

नभांगण_पुणे

पहिली शंका खगोलशास्त्रज्ञांनाही दीर्घ काळ होती. सप्तर्षींपैकी क्रतू आणि मरीची ही दोन टोके सोडली तर उरलेले पाच तारे अवकाशात एकाच दिशेने आणि जवळपास एकाच वेगाने चालले आहेत. १८६९ साली रिचर्ड प्रॉक्टर यांनी हे दाखवले. अरुंधतीही त्या समूहात आहे. त्यामुळे ती आणि वसिष्ठ एकाच गतीने चालतात एवढ्यावरून ते एकमेकांना बांधलेले आहेत असे सिद्ध होत नाही. ते एकाच गावचे शेजारी असू शकतात. आकाशातील ११.८ कलांवरून दोघांमधील अंतर निदान १८,००० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे पाव प्रकाशवर्षापेक्षा थोडे अधिक निघते आणि प्रत्यक्षात ते यापेक्षा बरेच मोठे असू शकते. २००९ साली अरुंधतीचा साथीदार सापडल्यानंतर अंतरे आणि गती पुन्हा तपासण्यात आल्या, तेव्हा दोघे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असावेत, याकडे पुरावा झुकला. तसे असेल तर एका फेरीला लाखो वर्षे लागतील. मुलांना मी 'बहुधा बांधलेले' असेच सांगेन आणि 'बहुधा' हा शब्द गाळणार नाही. उलट वसिष्ठाचे जे दोन घटक आपण वेगळे पाहिले, त्यांच्याविषयी शंका नाही. त्यांच्यातील अंतर काही शेकडो खगोलीय एकक आणि फेरीचा काळ हजारो वर्षांचा आहे. म्हणूनच अठराव्या शतकातील मापनांपासून आजवर त्यांची जागा फार थोडी बदललेली आहे.

दुसऱ्या शंकेला मात्र फार चांगले उत्तर आहे आणि ते मे महिन्याच्या संध्याकाळी पश्चिमेला अजून दिसते. पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर. तीही सहा ताऱ्यांचीच प्रणाली आहे, तीही तीन जोड्यांची, आणि आपल्यापासून सुमारे ५१ प्रकाशवर्षांवर. तिच्या दोन तेजस्वी घटकांतील अंतर सध्या सुमारे साडेपाच विकला आहे, म्हणून १० मिलीमीटरच्या आयपीसमधून, हवा स्थिर असताना, ते अगदी लगत पण वेगळे दिसतील. जोडतारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात हे विल्यम हर्शेल यांनी १८०३ साली दाखवले, तेव्हा त्यांच्यासमोरचे महत्त्वाचे उदाहरण कॅस्टरचेच होते.

आपल्याला हवी असलेली गोष्ट तिच्या तिसऱ्या ठिपक्यात आहे. कॅस्टरपासून सुमारे ७० विकला दूर एक नवव्या प्रतीचा तांबूस तारा आहे. तो म्हणजे दोन जवळपास सारख्या तांबड्या बटू ताऱ्यांची जोडी असून ते सुमारे साडेएकोणीस तासांत एकमेकांभोवती फिरतात, आणि त्यांच्या कक्षेची पातळी आपल्या दृष्टिरेषेत असल्याने प्रत्येक फेरीत दोनदा एक दुसऱ्याला झाकतो. त्या वेळी ठिपका सुमारे अर्ध्या प्रतीने मंदावतो. दोन तारे वेगळे दिसणार नाहीत, पण एकाने दुसऱ्यावर टाकलेली सावली म्हणावी अशी घट दिसेल. ७० मिलीमीटरच्या दुर्बिणीतून हे अवघड आहे, कारण शेजारच्या कॅस्टरची चमक डोळ्यावर येते. म्हणून कॅस्टरला दृश्याच्या कडेबाहेर ठेवावे आणि जवळपासच्या मंद ताऱ्यांशी तुलना करत दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यावी. एका रात्रीत ग्रहण सापडेलच असे नाही. या मोसमात आता फार दिवस उरलेले नाहीत. डिसेंबरपासून मार्चपर्यंत हाच तारा जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा हा प्रयत्न अधिक नीट करता येईल.

---

सातारकर_शिक्षिका

काल रात्री आम्ही दुर्बीण मैदानात नेली. अकरा मुले आली होती. ७८ हा आकडा मी त्यांना मुद्दाम सांगितला नव्हता. दोघांनी स्टॉपवॉच धरले, बाकीच्यांनी आळीपाळीने आयपीसला डोळा लावून 'गेला' म्हणायचे, असे ठरवले. दहा मापने झाली. सर्वांत लहान ७५ सेकंदांचे आणि सर्वांत मोठे ८० सेकंदांचे होते, आणि सरासरी ७७.६ आली. कोसाइनची किंमत मी सांगितली, उरलेले गणित त्यांनी बॅटरीच्या उजेडात वहीवर केले आणि कर्ण ७०५ विकला आला. सूचीतील ७०८ हा आकडा त्यानंतर मी वाचून दाखवला.

चौथ्या ठिपक्याविषयीही मी त्यांना सांगितले, की मागच्या वेळी माझे उत्तर बरोबर नव्हते, आणि तो तारा आपण वहीतून खोडणार नाही, त्याच्याखाली 'चौपट दूर' असे लिहू. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने आपल्या आकृतीतील उरलेल्या तिन्ही ठिपक्यांजवळ दोन-दोन टिंबे काढली आणि वसिष्ठाच्या तेजस्वी घटकाजवळ '२०॥ दिवस' असे लिहिले. कॅस्टरसाठी तिने आतापासूनच डिसेंबरचे पान राखून ठेवले आहे. तोवर त्या तांबूस ताऱ्याशी तुलना करण्याजोगे जवळचे तारे कोणते, याचा नकाशा कोणी सुचवू शकेल का?

---

गच्चीवरचा_म्हातारा

नकाशा मी स्वतः काढून येथे टाकतो, फक्त पाऊस लागण्यापूर्वी एक-दोन निरभ्र संध्याकाळी मिळायला हव्यात. शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती सूचीतून घेऊन त्यांवर लिहीन आणि उत्तर वर, पूर्व डावीकडे अशीच आकृती ठेवीन. डायगोनलमधून पाहणाऱ्यांसाठी उलटी प्रतही देईन.

७०५ बद्दल मुलांचे माझ्याकडून अभिनंदन सांगावे. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा माझे उत्तर याहून अधिक चुकले होते.